साडेआठचा पाऊस

माझ्या धाकट्या बहिणीला सगळं गाव 'वादळबाई' म्हणतं. मला गाव काहीच म्हणत नाही.

मी वेधशाळेत निरीक्षक आहे. वेधशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घुमट आणि दुर्बीण येते. आमच्याकडे आहेत दोन खोल्या, कुंपण घातलेलं अंगण, अंगणात झडपांची एक पांढरी पेटी, पेटीत चार तापमापक आणि थोडं लांब, उघड्यावर, पर्जन्यमापक. एकोणीस वर्षं मी रोज सकाळी साडेआठला त्यातली बाटली बाहेर काढते, पाणी मोजपात्रात ओतते, वाकून डोळा पाण्याच्या पातळीला आणते आणि आकडा नोंदवहीत लिहिते. माझ्या आधी बत्तीस वर्षं हेच काम माझ्या वडिलांनी केलं. म्हणजे एक्कावन्न वर्षांचा पाऊस आमच्या घरच्या दोन हस्ताक्षरांत आहे, आणि त्यात एक खाडाखोड सापडायची नाही. त्याबद्दल आजवर कुणी मला अर्धा कप चहा पाजलेला नाही.

धाकटी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. इथल्या बातम्यांच्या वाहिनीवर ती वार्ताहर आहे. पूर्वी नळ फुटले, खांब पडला अशा बातम्या द्यायची. चार वर्षांपूर्वी एका दुपारी पुलाच्या कठड्याला टेकून तिने फोनच्या कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "नदीकाठच्यांनो, संध्याकाळी जोराचं वादळ येतंय, होड्या वर ओढा." वादळ आलं. झालं, तेव्हापासून बाईंचं बस्तान बसलं. केस उडताहेत, एका हाताने ओढणी धरली आहे, मागे काळं आभाळ, आणि ही सांगतेय. बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण गहू म्हणजे आपण, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. बेकरीवाला तिच्या पिशवीत दोन बिस्किटं जास्त टाकतो. त्याच बेकरीत मी तिच्या आधीपासून जाते. मला तो अजून "बोला, काय हवं?" असं विचारतो.

आमच्या खात्याचा नियम असा की निरीक्षकाने झालेलं लिहायचं, होणारं बोलायचं नाही. अंदाज मुख्यालय देतं. ते शंभर कोसांवरून देतं आणि बहुतेक वेळा पाऊस पडून गेल्यावर देतं, ही गोष्ट वेगळी. बाहेर कुणाला, त्यातून बातमीवाल्यांना, अंदाज सांगितला तर निलंबन. हा नियम बाबांनी बत्तीस वर्षं पाळला आणि मीही पाळते. एवढं खरं की दुपारी बॅरोमीटरचा काटा नेहमीपेक्षा घाईने उतरायला लागला, पश्चिमेच्या कारखान्याचा धूर वर न जाता खाली लोळायला लागला, की मी आईला फोन करते आणि "चारच्या आत कपडे काढ" म्हणते. तेवढंच. तो अंदाज नव्हे, धुणं आहे.

मी वेधशाळेमागच्या सरकारी खोलीत एकटी राहते. आई-बाबा आणि धाकटी दहा मिनिटांवर, जुन्या घरात. संध्याकाळचं जेवण माझं तिकडेच. आणि त्या जेवणाच्या वेळी माझा जीव रोज थोडा थोडा जळायचा. बाबांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. ते फोन कानाला लावून धाकटीची बातमी ऐकायचे. कधी एकदा ऐकायचे, कधी लागोपाठ तीनदा. ताटातलं अन्न गार होई, पण तीनदा. आईला मी एकदा विचारलं, "ह्यांना काय पाठ करायचंय का?" आई म्हणाली, "ऐकू देत गं, तुझं काय जातं?"

माझं काय जातं! निवृत्त झाल्यापासून बाबांनी मला एकदा, फक्त एकदा तरी विचारावं की आज किती मोजलास? नाही विचारलं. आणि वर हे की, जे मला दुपारी दोनला वाटायचं तेच ही तीनला पुलावर उभी राहून सांगायची. कित्येकदा. मला पक्कं वाटायचं की बाबाच तिला सांगतात. हाडं ठणकली, हवेचा वास बदलला, की लाडक्या लेकीच्या कानात कुजबुजत असणार. मला नाही सांगत. मी तर सरकारी. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण ज्याने काढली त्याला नक्की धाकटं भावंड असणार.

गेल्या महिन्यात आपत्ती कार्यालयाच्या साहेबांनी मला बोलावलं. गावात तीन भोंगे आहेत: बाजारात, होड्यांच्या धक्क्यावर आणि शाळेच्या टेकडीवर. मुख्यालयाचा निरोप आल्याशिवाय ते वाजवता येत नाहीत. साहेबांच्या मनात होतं की वादळबाईंचा इशारा आला की तिन्ही भोंगे सरळ वाजवायचे. होडीवाल्यांनी तसा अर्जच दिला होता. गेल्या वर्षी तिच्या सांगण्यावरून त्यांनी एक फेरी रद्द केली आणि माणसं वाचली, असं त्यात लिहिलं होतं. पण दुसऱ्या बाजूने बाजारातल्या भांडीवाल्याची तक्रार होती. हा रस्त्यावर काचेची भांडी मांडतो. बाईंच्या सांगण्यावरून दोनदा सगळा पसारा गवतात बांधून आत नेला आणि दोन्ही वेळा थेंब पडला नाही.

"तेव्हा तुम्ही असं करा," साहेब म्हणाले, "बाईंनी गेल्या वर्षभरात दिलेले इशारे तारखेनुसार घ्या, तुमची नोंदवही घ्या, आणि किती खरे, किती खोटे ते काढा. चांगलं निघालं तर भोंगे त्यांच्या हाती. वाईट निघालं तर त्यांना हे बंद करायला सांगायचं. वाहिनीच्या मालकांशीही बोललोय मी. ते म्हणाले, मग तिला वाढदिवसाच्या आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातींवर बसवू."

"साहेब, ती माझी सख्खी बहीण आहे."

"मग तर उत्तमच! तुम्ही वाईट लिहिलंत तर आकसाने लिहिलं असं कोण म्हणेल?"

साहेबांना भावंडं नसावीत.

मी एकशे बारा इशारे कागदावर उतरवून घेतले. पहिला होता बारा तारखेचा, दुपारी तीनचा: संध्याकाळी वादळी वारा, मोठा पाऊस. मला तो दिवस चांगला आठवत होता. पाचच्या सुमाराला आभाळ फाटलं होतं, माझी छत्री उलटी झाली होती आणि मी बेकरीच्या आडोशाला अर्धा तास उभी होते. मी नोंदवही उघडली. बारा तारीख: शून्य. तेरा तारीख: अडतीस मिलिमीटर.

आता हे समजावून सांगायला हवं. आमचा दिवस घड्याळाच्या बाराला बदलत नाही. तो सकाळी साडेआठला बदलतो. काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत जेवढा पाऊस पडला तेवढा आज मोजायचा आणि आजच्या तारखेला लिहायचा. म्हणजे बारा तारखेच्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस आमच्या वहीत तेरा तारखेला जातो. आपल्या देशात कुठेही पर्जन्यमापक असो, रीत हीच आहे. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. मला हे सात वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. पुढे धाकटी चालायला लागल्यावर बाबा आम्हा दोघींना अंगणात नेऊन सांगायचे, "वहीतला पाऊस कालचा असतो, हे विसरायचं नाही."

इशाऱ्याच्या तारखेसमोर पुढच्या तारखेची नोंद धरायची, एवढाच मामला होता. शहाण्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम.

मी पेन्सिल हातात धरून बसले होते. साहेब काय म्हणाले होते? तारखेनुसार घ्या. मग तारखेनुसारच घ्यावं की. बारा तारीख, इशारा: मोठा पाऊस. बारा तारीख, नोंद: शून्य. मी समोर 'खोटा' असं लिहिलं. लिहिल्यावर मला बरं वाटलं. उगाच कशाला नाही म्हणू? फार बरं वाटलं. चार वर्षांत एवढं गोड काही लागलं नव्हतं.

मग मी पुढे गेले. आमच्याकडची वादळं बहुतेक दुपार कलल्यावर येतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पाऊस वहीत दुसऱ्या दिवशी होता. खोटा, खोटा, खोटा. लागोपाठ दोन दिवस पाऊस झाला असेल तिथे नाइलाजाने 'खरा' लिहावं लागे आणि तेव्हा माझा हात आखडायचा. शेवटी बेरीज झाली: एकशे बारापैकी त्रेचाळीस खरे, एकोणसत्तर खोटे. मी सुवाच्य अक्षरात तक्ता केला, खाली सही केली आणि शिक्का मारला. तक्त्यात एकही आकडा खोटा नव्हता, हे मी स्वतःला त्या दिवशी निदान दहादा सांगितलं. दहादा सांगावं लागलं यातच सगळं आलं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "धाकटीचा हिशेब तुझ्याकडे आलाय म्हणे?"

"हो."

"साडेआठचा पाऊस कुठे धरलास?"

"जिथे धरतात तिथे," मी म्हणाले.

बाबांनी फोन कानाला लावला. त्या दिवशी एकदाच ऐकलं.

बैठक साहेबांच्या खोलीत, सकाळी अकराला होती. साहेब, भांडीवाला, मी आणि धाकटी, एवढेच. धाकटी नवा कुडता घालून आली होती. भोंगे मिळणार या भरवशावर आली होती, ते तिच्या चालण्यातच दिसत होतं. मला बघून हसली आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

साहेबांनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. तिने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिथून ते परत वर पहिल्या ओळीवर गेलं, बारा तारखेवर. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. अंगणात तीही माझ्या शेजारी उभी असायची. बाबांचं ते वाक्य तिनेही कित्येकदा ऐकलं होतं.

आता ही बोलणार. मी नोंदवहीवर हात ठेवून तयार बसले. साहेबांनी तारखेनुसार सांगितलं होतं, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं.

"काय बाई? अडतीस टक्के," साहेब म्हणाले. "यावर काही म्हणायचंय?"

"ताईचा तक्ता आहे ना," धाकटी म्हणाली. "ताई आकड्यात चुकत नाही."

मला एकदम गरम व्हायला लागलं. पंखा डोक्यावरच फिरत होता.

"पण तुम्ही हे सांगता कशाच्या आधारावर?" साहेबांनी विचारलं. "काही यंत्र आहे, की नुसतीच उचलली जीभ?"

धाकटीने पिशवीतून एक शाळकरी वही काढली. कोपरे दुमडलेले, मधे रबर लावलेलं. मला वाटलं होतं हिच्याकडे कसलीही वही नसणार. नोंद ठेवणं हे माझं काम. तिने वही उघडली. तारीख, वेळ, कुणी सांगितलं, पुढे काय झालं, असे चार रकाने स्वच्छ आखलेले होते. आखणी बाबांच्या पद्धतीची होती.

"माझी माणसं आहेत," ती म्हणाली. "होडीवाला, तो पाण्याच्या रंगावरून सांगतो. पलीकडचा कोंबड्यांवाला, कोंबड्या भर दुपारी आत शिरल्या की मला फोन करतो. पुलाच्या चौकीवरचा पहारेकरी. आणि दोरी."

"दोरी म्हणजे कोण?"

"कोण नाही. आमच्या गच्चीवरची कपड्यांची दोरी. आई दुपारी कपडे काढायला गेली की मी समजते, आज काहीतरी येतंय. बाकीची माणसं चुकतात. कोंबड्यांवाला तर फारच चुकतो. दोरी वर्षात चौतीस वेळा रिकामी झाली आणि चौतीसही वेळा..." ती थांबली. तिची नजर तक्त्याकडे गेली. "म्हणजे, माझ्या वहीप्रमाणे."

साहेबांना हसू आवरेना. भांडीवाला तर मांडीवर थाप मारून हसला. "म्हणजे मी माझी काच हिच्या आईच्या धुण्यावर बांधत होतो होय!"

मी हसले नाही. दोरी रिकामी करणारा फोन कुणाचा असायचा, हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"बरं, पण तुमच्या आईला तरी कसं कळतं?" साहेबांनी डोळे पुसत विचारलं.

एवढं एकच वाक्य तिने बोलायचं होतं. "माझी ताई वेधशाळेतून फोन करते." ते बोलली असती तर तिच्या चौतीस इशाऱ्यांना सरकारी आधार मिळाला असता आणि मला निलंबनाचा कागद. माझा तक्ता तिच्यापुढे होता. मी तिचं काय केलंय ते तिला पहिल्या तीन ओळींत कळलं होतं.

"आईला कळतं," धाकटी म्हणाली. "आयांना कळतं, साहेब."

साहेबांनी मान हलवत कागदावर लिहिलं: आधार, धुण्याची दोरी.

खरं सांगते, मला आधी राग आला. लाज नंतर. आधी राग. माझं होतं ते! चार वर्षं जे वादळ ही गावाला वाटत होती ते माझ्या बॅरोमीटरचं होतं, माझ्या डोळ्यांचं होतं, आणि बिस्किटं हिच्या पिशवीत पडत होती. मग कुठून तरी एक वेडा आनंद आला. चौतीसपैकी चौतीस! मुख्यालयाला जमलं नसतं. बाबा कधीच काही कुजबुजले नव्हते. मीच होते. काखेत कळसा घेऊन मी चार वर्षं गावभर हिंडत होते. आणि त्यामागून लाज आली, कारण मी तक्त्यावर नजर फिरवली आणि तिच्या वहीतल्या दोरीच्या तारखा एकेक करून तिथे सापडायला लागल्या. खोटा. खोटा. खोटा. चौतीसपैकी तेवीस. माझ्याच हातचे, माझ्याच शिक्क्याखाली.

"मग ठरलं," साहेब म्हणाले. "बाई, उद्यापासून हे इशारे बंद. वाहिनीला मी आजच कळवतो."

"हो," धाकटी म्हणाली आणि वहीला रबर लावायला लागली. रबर तुटलं. ते दोन तुकडे ती टेबलावर जुळवत बसली.

"साहेब," मी म्हणाले, "तक्त्यात चूक आहे."

मी नोंदवही उघडून साहेबांच्या समोर ठेवली आणि साडेआठचा पाऊस समजावून सांगितला. बारा तारीख, तेरा तारीख. एकदा सांगून साहेबांना कळलं नाही. भांडीवाल्याला कळलं. "म्हणजे दुकानदार सकाळी गल्ला मोजतो तसं," तो म्हणाला. "मोजायचा आज, विक्री कालची."

"तसंच," मी म्हणाले. "त्या हिशेबाने एकशे बारापैकी चौऱ्याण्णव खरे आहेत."

"तुम्ही बसल्या बसल्या एवढं मोजलंत?"

तो आकडा मी पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता. पेन्सिलीने, कागदाच्या मागच्या बाजूला, आणि मग खोडला होता.

"आणि ही चूक झाली कशी?"

"नजरचूक झाली, साहेब."

"एकशे बारा वेळा?"

"एक्कावन्न वेळा," मी म्हणाले. चुकीचा आकडा ऐकवत नाही, सवयच तशी आहे.

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. भांडीवाल्याला आपलीच काळजी. "मग माझे ते दोन दिवस? तेही खरे निघाले की काय?"

मी वहीत पाहिलं. "नाही. ते दोन्ही खोटेच आहेत."

"ते कोंबड्यांवाल्याचे होते," धाकटी हळूच म्हणाली. "दोरीचे नव्हते."

आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात आलो. व्हरांड्यात जुन्या कपाटांची रांग होती. त्यातल्या शेवटच्या कपाटापाशी ती थांबली.

"मुद्दाम केलंस?"

"हो."

"मला वाटलंच." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज खणखणीत होता; तेवढा धंद्याचा गुण. "एवढं काय गं वाईट केलं मी तुझं?"

"सगळं गाव तुला ओळखतं. बाबा तुझं तीन-तीनदा ऐकतात."

"आणि मोजपात्र कुणाला दिलं बाबांनी? मला कधी हात लावू दिला? लहान आहेस, सांडशील. लहान आहेस, फोडशील. छत्तीस वर्षांची झाले, ताई. अजून लहानच आहे का मी?" तिने नाक पुसलं. "तुझं नाव घेता येत नव्हतं म्हणून दोरी म्हणायचे. नाहीतर पुलावर उभी राहून ओरडून सांगितलं असतं, माझ्या ताईने सांगितलंय म्हणून."

कुशीत घ्यावं असं वाटलं आणि कानाखाली द्यावी असंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. व्हरांड्याच्या टोकाला पश्चिमेकडे कारखान्याचं धुराडं दिसत होतं. माझी नजर तिकडे गेली आणि माझ्यामागोमाग तिचीही गेली.

"आज?" तिने विचारलं.

"आज काही नाही," मी म्हणाले. "वाळू देत कपडे."

भोंगे तिला मिळाले. आठ दिवसांनी मला साहेबांचं ठपक्याचं ज्ञापन आलं. एकोणीस वर्षांतलं पहिलं. त्याच दिवशी दुपारी काटा भराभर उतरायला लागला होता. ज्ञापन घडी करून पर्समध्ये टाकलं आणि मग मी आईला फोन केला, "चारच्या आत कपडे काढ." तीनला धाकटीची बातमी आली. सव्वातीनला तिन्ही भोंगे एकदम वाजले. मी वेधशाळेच्या दारात उभी राहून ऐकत होते. रस्त्याने लोक पळत होते, दुकानांच्या फळ्या लागत होत्या, आणि बेकरीवाला नोकराला ओरडून सांगत होता, "आटप रे, वादळबाई बोलल्यात!" मला पुन्हा झोंबलं. ते जाईल असं कुणी समजू नये. साडेचारला आभाळ फाटलं.

संध्याकाळी पाऊस थोडा ओसरल्यावर मी घरी गेले. आई पलंगावर कोरड्या कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटी अजून धक्क्यावर होती. बाबा खिडकीशी बसून फोन कानाला लावून ऐकत होते. "नदीकाठच्यांनो, चारच्या आत आवरा, चारच्या आत." माझेच शब्द, तिचा आवाज. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावलं.

"तीनदा ऐकणार आता," आई म्हणाली. "कपडे काढले त्या दिवशी तीनदा. एरवी एकदा."

मी आईकडे बघत राहिले. मग बाबांकडे. त्यांनी फोन खाली ठेवला.

"होडीवाल्याने सांगितलेली बातमी एकदा ऐकली तरी पुरते," ते म्हणाले. "तुझ्या बोलण्यात वेळ असते. तीनच्या आत, चारच्या आत. ते मला ऐकायला आवडतं."

मला बसावंसं वाटलं म्हणून मी बसले. चार वर्षं ताटावर बसून मी ज्याच्यामुळे जळत होते ते माझंच होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण पर्समध्ये ते ज्ञापन होतं.

"साहेबांचा कागद आला म्हणे," बाबा म्हणाले. "वाच."

मी काढून वाचलं. 'आपण सादर केलेल्या तक्त्यात आपल्या निष्काळजीपणामुळे एक्कावन्न ठिकाणी चुका आढळल्या असून, यापुढे असा निष्काळजीपणा होणार नाही याची दक्षता घ्यावी.'

बाबांनी ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"खोटं लिहिलंय," ते म्हणाले. "तुझ्या हातून निष्काळजीपणा होत नाही. एकोणीस वर्षांत झालेला नाही, आणि त्या तक्त्यातही झाला नव्हता."

आईचे हात घडीवर थांबले. मी ज्ञापनाकडे बघत होते. बाहेर पुन्हा जोर धरला होता, आणि तो सगळा पाऊस उद्या सकाळी साडेआठला मलाच मोजायचा होता.

"हो, बाबा," मी म्हणाले. "झाला नव्हता."

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला आणि तिसऱ्यांदा ऐकायला लागले.